मुंबईच्या फ्लॅटमध्ये हॅम रेडिओ स्टेशन: आधी गच्ची, मग तार, सेट सगळ्यात शेवटी

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून लांबलांबच्या हौशी लोकांशी रेडिओवर बोलायचा छंद. माझ्या घरी पहिला एचएफ सेट (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या, लांब पोहोचणाऱ्या लहरींचा) आला तेव्हा अँटेना लावायला जागाच ठरलेली नव्हती. परवाना मिळाल्याच्या आनंदात साठवलेले सगळे पैसे सेटमध्ये घातले, तो टेबलावर मांडला आणि मग गच्चीच्या दाराला लावलेलं कुलूप पाहिलं. त्या कुलपाची किल्ली मिळेपर्यंत आठ महिने गेले. वायर, दोर आणि केबल यांना सेटच्या मानाने किरकोळ पैसे लागले, पण ती लावायला जागा नसल्यामुळे सगळं अडून राहिलं.

आमची इमारत मुलुंडला, सात मजली. आम्ही चौथ्या मजल्यावर. मुंबईतल्या बहुतेकांची परिस्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते: स्वतःची जमीन नाही, गच्ची सगळ्यांची, वर चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. परदेशी पुस्तकांत घरामागच्या बागेतली अँटेना असते, ती आपल्या उपयोगाची नाही. म्हणून आपल्याकडे कामं कुठल्या क्रमाने करावीत ते लिहितो आहे.

१. परवाना येईपर्यंत फक्त ऐका

हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत. परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेघांची भाषा) लागत नाही, त्यामुळे नवख्याने तिथून सुरुवात करावी. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची कॉलसाइन (हवेवर वापरायचं अधिकृत सांकेतिक नाव) व्हीयू३ ने सुरू होते, जनरलवाल्यांची व्हीयू२ ने.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- ओळखीचा पुरावा
- जन्मतारखेचा पुरावा
- पत्त्याचा पुरावा. स्टेशन जिथे लावणार तोच पत्ता असलेला बरा, कारण परवाना त्या जागेसाठी असतो
- पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सहीची स्कॅन केलेली प्रत
- परीक्षा पास झाल्यावर तिचा निकाल

नाव आणि पत्ता सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखा हवा. एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून माझा अर्ज परत आला होता. भाड्याच्या घरात राहत असाल तर पत्ता बदलल्यावर तो परवान्यावरही बदलून घ्यावा लागतो, हे आत्ताच लक्षात ठेवा.

पास झाल्यापासून परवाना हातात येईपर्यंत वेळ जातो. या काळात ट्रान्समिट करणारा सेट घरात आणू नका. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे हँडसेटही त्यात आले. विनापरवाना असा सेट बाळगणं हाच गुन्हा आहे, मग तुम्ही बटण दाबा किंवा न दाबा. ऐकण्यासाठी मात्र आरटीएल-एसडीआर नावाची पेनड्राइव्हएवढी यूएसबी काडी पुरते. ती लॅपटॉपला लावा, खिडकीबाहेर अर्धा मीटर तार उभी करा आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ ऐकत बसा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले अंतराळवीर शाळांशी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज १४५.८०० वर येतो. तो पहिल्यांदा ऐकला त्या संध्याकाळी मी जेवायलाही उठलो नव्हतो.

जमल्यास मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटीसारख्या एखाद्या संस्थेशी ओळख करून घ्या. कुणाचं चालू स्टेशन एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्म्या शंका तिथेच फिटतात.

२. टेप घेऊन गच्चीवर जा

काही विकत घेण्याआधी गच्चीची लांबी-रुंदी मोजा. लिफ्टची मशीन रूम किंवा पाण्याची टाकी किती उंच आहे, कठड्याला दोर बांधण्याजोगे लोखंडी हूक कुठे आहेत, जवळून विजेच्या तारा जातात का, मोबाइल कंपनीचे अँटेना कुठल्या कोपऱ्यात आहेत, हे सगळं वहीत काढून ठेवा. विजेच्या तारेपासून तुमची तार इतकी लांब हवी की तुटून उडाली तरी तिथवर पोहोचणार नाही. त्यात तडजोड नको.

घाटकोपर, कुर्ला, विलेपार्ले, जुहू या भागात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विमानतळांच्या परिसरात बांधकामाच्या उंचीवर मर्यादा असते आणि त्या उंचीत गच्चीवरची टाकी, खांब, अँटेना सगळं धरतात. इमारत आधीच मर्यादेला टेकलेली असेल तर उंच खांबाचा विचार सोडा आणि तार मशीन रूमच्या उंचीच्या आतच ताणा.

३. सोसायटीची परवानगी, तीही लेखी

इथे घाई केली की पुढची सगळी वर्षं भांडणात जातात. मी आधी सेक्रेटरी काकांना जिन्यात गाठून तोंडी विचारलं. ते "लाव की" म्हणाले. तीन महिन्यांनी कमिटी बदलली आणि नव्या कमिटीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या आणि मॅनेजिंग कमिटीच्या बैठकीच्या इतिवृत्तात ठराव येईल असं पाहा.

लोकांच्या शंका खऱ्या असतात. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. त्यानंतर मुंबईत गच्चीवर काही उभं करायचं म्हटलं की सगळ्यांच्या मनात आधी ते चित्र येतं, आणि यावंच. म्हणून अर्जात हे मुद्दे स्वतःहून लिहा:

- परवान्याची प्रत. हा छंद केंद्र सरकारच्या परवान्याने चालतो हे पहिल्याच ओळीत सांगा
- अँटेना कुठे, किती उंच आणि किती वजनाची, याचं साधं हाताने काढलेलं चित्र
- गच्चीला एकही भोक पाडणार नाही, असं स्पष्ट वाक्य
- केबल कुठल्या डक्टमधून खाली येईल
- वॉटरप्रूफिंग किंवा टाकीच्या सफाईच्या वेळी सांगाल त्या दिवशी स्वखर्चाने उतरवून देईन
- नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी माझी

भोक न पाडण्याचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या मजल्यावरच्या माणसाला रेडिओ लहरींपेक्षा गळतीची धास्ती जास्त असते, आणि ज्याच्या घराचं छत प्रत्येक पावसाळ्यात ओलं होतं त्याचं यात काहीही चूक नाही. गच्चीच्या थेट खाली राहणाऱ्या कुटुंबाकडे अर्ज देण्याआधी स्वतः जाऊन बसा. आमच्याकडच्या मावशींना मी चित्र दाखवलं, त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि पुढे कमिटीच्या बैठकीत माझी बाजू त्यांनीच मांडली.

"याने कॅन्सर होतो का?" हा प्रश्न येतोच. उत्तर देताना आवाज चढवू नका. मोबाइलचा टॉवर दिवसरात्र चालू असतो, आपण दिवसातून थोडा वेळ आणि बोलत असू तेवढंच ट्रान्समिट करतो, तार कुणाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर असते, हे शांतपणे सांगा. कुणाच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये माझा आवाज आला तर रात्री-अपरात्रीही दार वाजवा, मी बंद करेन, असं म्हणा. आणि खरंच बंद करा.

४. अँटेना स्वतः बनवा

पहिली अँटेना विकत आणू नका. अर्धतरंग डायपोल, म्हणजे तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची अँटेना, ही दोन तारा आणि मध्ये केबल एवढीच गोष्ट आहे. तिची एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा. १४.२ साठी साधारण १०.०७ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला पाच मीटरच्या किंचित वर. ७.१ साठी २०.१४ मीटर, प्रत्येक बाजूला दहा. या ७.१ च्या लहरीची पूर्ण लांबी साधारण ४० मीटर, म्हणून त्याला ४० मीटर बँड म्हणतात.

लागणारं सामान:

- दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायरिंगची तांब्याची वायर
- मधल्या जोडासाठी ॲक्रिलिकचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा, टोकांना चिनीमातीचे अंडाकृती इन्सुलेटर
- उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा दोर, दोन छोट्या कप्प्या
- केबल जोडायला एसओ-२३९ सॉकेट आणि पीएल-२५९ कनेक्टर
- सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, मापाचा टेप
- एसडब्ल्यूआर मीटर किंवा नॅनोव्हीएनए. अँटेना केबलशी किती जुळते ते ही उपकरणं सांगतात; एसडब्ल्यूआरचा आकडा एकच्या जितका जवळ तितकं चांगलं

यातलं बरंचसं ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला मिळतं. कनेक्टर घेताना हातात घेऊन बघा. हलक्या कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळतं आणि मधली पिन सरकते. टेफ्लॉनचा मागा, थोडा महाग पडेल.

आमच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा डायपोल उलट्या व्हीच्या आकारात आहे. मशीन रूमची उंची चार मीटर, तिच्या भिंतीला बांधलेला तीन मीटरचा पाइप, म्हणजे मध्यबिंदू गच्चीपासून सात मीटरवर. दोन्ही टोकं तीन मीटरवर. असं केलं की जमिनीवर साधारण साडेअठरा मीटरची लांबी लागते. तुमची गच्ची त्याहून आखूड असेल तर टोकाचे दीड-दोन मीटर कठड्याला समांतर वळवा, अँटेना तरीही चालते. मात्र टोकं खाली आणू नका. ट्रान्समिट करताना तिथेच व्होल्टेज सर्वात जास्त असतं. वाळवणाचे पापड घालायला आलेल्या कुणाचाही हात लागला तर चटका बसेल. हात वर करूनही पोहोचणार नाही एवढी उंची हवीच.

व्हीयू३ वाल्यांनी ४० मीटरचा डायपोल लावावा असं मला मनापासून वाटतं. त्यावर सकाळी भारतभरची माणसं भेटतात आणि तीच तार २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालते.

तार मोजून कापताना अर्धा मीटर जास्त ठेवा. वायरवरच्या प्लास्टिकमुळे सूत्रापेक्षा थोडी कमी लांबी लागते, पण कमी किती ते तुमच्या गच्चीवरच कळतं. समजा एसडब्ल्यूआर सर्वात कमी ६.९ वर आला आणि तुम्हाला हवा ७.१ वर. ६.९ भागिले ७.१ म्हणजे ०.९७२. म्हणजे २० मीटरमधून साधारण ५६ सेंटिमीटर कमी करायचे, दोन्ही बाजूंनी २८-२८. एकदम कापू नका, आधी टोक मागे दुमडून बांधा, मोजा आणि मगच कापा. एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की थांबा. एक पूर्णांक एकच्या मागे लागून मी एक अख्खा रविवार उन्हात घालवला होता आणि त्याने ऐकू येण्यात तसूभरही फरक पडला नाही.

केबल जिथे अँटेनाला जोडता तिथे चोक (केबलच्या बाहेरच्या आवरणावरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) हवा, नाहीतर केबलचं बाहेरचं आवरणही अँटेनासारखं वागतं आणि घरातले स्पीकर बोलू लागतात. एफटी-२४०-३१ फेराइट रिंगवर आरजी-५८ या बारीक केबलचे दहा-बारा वेढे पुरतात.

गच्ची मिळालीच नाही तर? एफएमवर शहरातल्या शहरात बोलण्यासाठी १४५ मेगाहर्ट्झची पाव तरंगाची उभी तार ४९ सेंटिमीटरची होते. खाली तिरक्या चार तारा ५१-५२ सेंटिमीटरच्या. एवढी वस्तू खिडकीच्या ग्रिलपासून मीटरभर बाहेर काढलेल्या पीव्हीसी पाइपवर राहते. ग्रिलला चिकटवू नका, लोखंड तिची सगळी मापं बिघडवतं. एचएफसाठी बाल्कनीत मीटरभर व्यासाचा मॅग्नेटिक लूप लावता येतो, पण त्याच्या कपॅसिटरवर थोड्या पॉवरलाही हजारो व्होल्ट येतात. लहान मुलं असलेल्या घरात मी तो सुचवणार नाही.

५. केबल: इथे कंजुषी महागात पडते

आधी लांबी काढा. चौथ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत बारा मीटर, गच्चीवर पंधरा, घरात पाच. झाले बत्तीस. ७ मेगाहर्ट्झवर एवढ्या लांबीला आरजी-५८ चालते, नुकसान फारसं जाणवत नाही. १४५ वर मात्र तीच केबल तुमच्या पॉवरपैकी तीन-चतुर्थांश वाटेतच खाते. तिथे जाड आरजी-२१३ घ्या. तिच्यातही निम्म्याच्या आसपास पॉवर जाते, पण उरते ती कामाची असते.

डक्टमधून केबल सोडताना विजेच्या मुख्य वायरींपासून आणि लिफ्टच्या केबलपासून लांबची बाजू धरा. प्लंबरला आधी दाखवून ठेवा, नाहीतर पुढच्या पाइप दुरुस्तीत ती कापली जाईल. घरात शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा वळसा द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, भिंतीत मुरत नाही.

६. खारी हवा, पाऊस आणि कावळे

गच्चीवरचा प्रत्येक नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घ्या. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमच्या पाइपला आवळू नका. खाऱ्या ओलाव्यात त्या जोडाला वर्षभरात पांढरा गंज धरतो. कनेक्टरवर आधी स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा, वरून काळी पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप मे महिन्याच्या उन्हात सुटते आणि जूनमध्ये पाणी केबलच्या जाळीत चढतं. अशी केबल नंतर वाळवून उपयोग नाही, ती बदलावीच लागते.

दोराची दोन्ही टोकं करकचून बांधू नका. एका टोकाला कप्पी लावून पाण्याने भरलेली बाटली लटकवा, म्हणजे वाऱ्यात तार पुढे-मागे होते, तुटत नाही. भोकं न पाडता खांब उभा करायला लोक रंगाच्या २० लिटरच्या डब्यात काँक्रीट ओततात. त्याचं वजन पन्नास किलोच्या आत भरतं आणि तौक्तेसारख्या वाऱ्यापुढे नुसतं ते पुरत नाही. खांब कठड्याला किंवा मशीन रूमच्या भिंतीला दोन ठिकाणी बांधलेला असलाच पाहिजे.

संक्रांतीनंतर मांजा अडकलाय का ते बघा. एप्रिल-मेमध्ये कावळ्यांकडे लक्ष ठेवा. मुंबईचे कावळे घरट्यात तारांचे तुकडे वापरतात आणि सुटं टोक दिसलं की ओढतात. घरटं झालंच असेल तर पिल्लं उडेपर्यंत हात लावू नका, तेवढे दिवस दुसऱ्या बँडवर काढा.

७. विजा

मे अखेर ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर, हे आपल्याकडे विजांचे दिवस. स्टेशन वापरत नसाल तेव्हा केबल सेटपासून काढून टोक खिडकीपाशी ठेवायची सवय लावून घ्या. पण गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका आणि गच्चीवर जाऊ नका. ती काढायची वेळ आकाश भरून येण्याआधीची. केबलमध्ये बसवायचा अरेस्टर जवळपास पडलेल्या विजेच्या झटक्यापासून वाचवतो, थेट पडलेल्या विजेपासून नाही. इमारतीला तडितरक्षक असेल तर खांब त्याला कसा जोडायचा हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आणि अर्थिंगसाठी गॅसच्या पाइपला वायर बांधू नका. कुणीही सांगितलं तरी नाही.

८. आता सेट घ्या

१०० वॉटचा सेट १३.८ व्होल्टवर वीस-बावीस अँपियर ओढतो, म्हणून ३० अँपियरचा पॉवर सप्लाय लागतो. परवान्यावर लिहिलेली पॉवरची मर्यादा पाहा आणि सेट त्याखालीच चालवा. खरं तर चांगल्या तारेवर २० वॉटही खूप लांब जातात. जुना सेट घेत असाल तर परवानाधारक हॅमकडूनच घ्या, दोघांच्या परवान्यांच्या प्रती आणि मॉडेल-सीरियल नंबर लिहिलेला कागद करा. पैसे देण्याआधी तो डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, पॉवर गिळणाऱ्या रोधावर) चालवून बघा.

९. घरातला गोंगाट

सेट लावल्यावर बहुतेकांना नुसती खरखर ऐकू येते आणि अँटेना बिघडली असं वाटतं. सेट बॅटरीवर चालवा आणि घरचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा. माझ्याकडे तो स्वयंपाकघरातला एलईडी दिवा आणि लॅपटॉपचा चार्जर निघाला. दिवा बदलला, चार्जरच्या वायरीवर फेराइटची क्लिप लावली. मेन बंद करूनही आवाज राहिला तर तो लिफ्टचा किंवा शेजारचा असू शकतो. लिफ्ट हलते तेव्हाच वाढतो का ते बघा. त्यावर इलाज अँटेना लिफ्टच्या मोटरपासून सरकवणं एवढाच, म्हणूनच दुसऱ्या पायरीला गच्चीचा नकाशा काढायला सांगितलं.

१०. पहिली हाक

लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, समोरच्याची कॉलसाइन, दोन्हीकडचे रिपोर्ट. वेळ यूटीसीत लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. ग्रिड, म्हणजे जगाच्या नकाशावरच्या आपल्या चौकोनाचं सांकेतिक नाव, विचारतील तेव्हा पाठ असू द्या. १९ अक्षांशाची रेषा परळच्या आसपासून जाते. तिच्या दक्षिणेला, म्हणजे कुलाबा, गिरगाव, भायखळ्याला एमके६८, आणि उत्तरेला दादरपासून मुलुंड-दहिसरपर्यंत एमके६९.

४० मीटरवर एलएसबी (लोअर साइडबँड, आवाज पाठवायचा मोड) लावा. आधी पंधरा मिनिटं ऐका. फ्रिक्वेन्सी रिकामी आहे का ते दोनदा विचारा, कुणी बोललं नाही तर कॉलसाइन सावकाश, अक्षर-अक्षर सुटं करून सांगा. माझ्या पहिल्या हाकेला उत्तर आलं तेव्हा खरखरीतून एका अनोळखी आजोबांचा आवाज माझीच कॉलसाइन परत म्हणत होता. आवाज कसा येतोय एवढंच त्यांनी सांगितलं, आणि मग विचारलं, "तार कशाची लावलीस रे?"